बाळासाठी पहिला कॅमेरा: आधी खोली बघा, मग दुकान

बाळंतिणीच्या खोलीत उजेड कमी असतो. कॅमेऱ्याची चौकशी इथून सुरू व्हायला हवी, पण बहुतेकांची सुरू होते मेगापिक्सेलपासून.

मी नाशकात घरोघरी जाऊन बारशाचे आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढते. माझा स्टुडिओ नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाईमाणूस आलेलं घरच्यांना बरं वाटतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि टिकलं. "ताई, तुम्ही किती घेता?" हे लोक विचारतातच, पण त्याहून जास्त वेळा विचारतात, "आम्हालाच एखादा कॅमेरा घ्यायचाय, पंचवीस-तीस हजारांत काय येईल?" विचारणारा बहुधा होणारा बाप असतो. अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत, हातात फोन आणि फोनवर दोन कॅमेऱ्यांची तुलना उघडलेली. ते दोन्ही कॅमेरे बहुतेक वेळा ठीकच असतात. फक्त त्या तुलनेत त्याच्या घरची खोली नसते, आणि कॅमेरा कोण धरणार तेही नसतं.

कॅमेरा धरणार कोण?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ती निफाडला, सिन्नरला, चांदवडला जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत येते. तुम्ही कॅमेरा घेणार, यूट्यूबवर मॅन्युअल मोड शिकणार आणि तो पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये कपाटात ठेवून रविवारी बाळाला भेटायला जाणार, असं होता कामा नये. पहिल्या चाळीस दिवसांत बाळाचा चेहरा दर आठवड्याला वेगळा दिसतो, आणि ते दिवस कॅमेरा असणार सासूबाईंच्या, मेहुण्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या हातात. तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर माहेरी जायला हवा, आणि त्या घरात कोणालाही बटण दाबून वापरता यायला हवा.

सिझेरियन झालेल्या बाईला जड कॅमेरा एका हाताने उचलवत नाही. म्हणून वजन बघा. बॅटरी आणि कार्डासह पण लेन्सशिवाय निकॉन डी३५०० सुमारे ४१५ ग्रॅम भरतो, कॅनन १५००डी ४७५ आणि सोनी ए६००० ३४४. आकड्यांत फरक किरकोळ दिसतो, पण लेन्स लावून पाच मिनिटं हातात धरल्यावर कळतो. दुकानात दोघांनी जा आणि तिच्या हातात द्या. तिला पकड आवडली नाही तर तो कॅमेरा सोडून द्या, कितीही भारी असला तरी.

आणखी एक. घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या. काही घरांत बाराव्या दिवसापर्यंत फोटो चालत नाहीत, काही घरांत झोपलेल्या बाळाचा फोटो चालत नाही. वाद घालायची ही वेळ नव्हे. गालाला तीट लावून जागेपणी काढू द्या म्हणा, बहुतेक आज्या तयार होतात.

खोलीची परीक्षा

हे काम कॅमेरा घेण्याआधी करायचं आणि फुकट होतं. बाळ ज्या खोलीत राहणार आहे तिथे दुपारी चारच्या सुमारास जा. दिवा लावू नका. पलंगावर उशी ठेवा, तिच्यावर झबलं पसरा, आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने, नाइट मोड बंद करून, साधा फोटो काढा. मग गॅलरीत त्या फोटोचे तपशील उघडा. तिथे तीन आकडे असतात: एफचा आकडा, म्हणजे लेन्स किती उघडली (आकडा जितका लहान तितकी जास्त उघडी); सेकंदाचा भाग, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं; आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने मिळालेला उजेड किती वाढवून घेतला. मग संध्याकाळी सातला, रोजचा दिवा लावून, तेच पुन्हा करा.

समजा, जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याच्या माजघरात आकडे आले एफ/१.८, १/५० आणि आयएसओ ४००. उशी हलत नाही म्हणून १/५० चाललं. बाळ जागं असलं की हातपाय झाडतं, आणि १/५० ला त्याची मूठ पुसट उमटते. मूठ स्वच्छ यायला १/२५० तरी लागतं, म्हणजे पाचपट कमी वेळ. तेवढाच उजेड भरून काढायला आयएसओ पाचपट वाढवायचा, म्हणजे २०००. हा हिशोब एफ/१.८ च्या लेन्सचा झाला. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ ला, म्हणजे जवळचा चेहरा घ्यायच्या टोकाला, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ पेक्षा तिच्यातून जवळजवळ दहापट कमी उजेड येतो. म्हणजे आयएसओ गेला १९-२० हजारांवर. परवडणाऱ्या कॅमेऱ्यात त्या आकड्याला बाळाची कातडी रवाळ आणि डागाळलेली दिसते. २००० ला मात्र फोटो छान येतो, ३२०० लाही येतो.

आता गंगापूर रोडला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या, मोठी खिडकी, समोर इमारत नाही. तिथे फोनने १/१०० आणि आयएसओ १०० दाखवला, तर तोच हिशोब किट लेन्सवर आयएसओ २५०० च्या आत बसतो. त्या घरात किट लेन्सवरही भागतं.

एवढ्या हिशोबात निम्मा निर्णय होतो. अंधारी खोली असेल तर पैसे लेन्सवर घाला आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी घ्या. उजेडाची खोली असेल तर किट लेन्सवर सुरुवात करा, उरलेले पैसे ठेवून द्या.

आणि परीक्षेत दोन्ही वेळचे आकडे उत्तम आले, फोन चांगला आहे, बाळाच्या फोटोपलीकडे तुम्हाला हौस नाही, तर कॅमेरा घेऊच नका. मी हे तोंडावर सांगते. बऱ्या फोनचे फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी सुंदर येतात. फोन मार खातो तो तीन ठिकाणी. बाळ हलत असतं तिथे, उजेड कमी असतो तिथे, आणि पोर्ट्रेट मोडमध्ये. पोर्ट्रेट मोड मागचं दृश्य हिशोबाने पुसट करतो, आणि त्या पुसण्यात बाळाचं जावळ आणि कुंचीची झालरही खाऊन टाकतो. लेन्सने आलेलं धूसरपण तसं नसतं. यामागे आकाराचं कारण आहे. निकॉन-सोनीच्या साध्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर असतो, कॅननचा थोडा लहान. फोनमधला मोठ्यातला मोठाही याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि स्वस्त फोनातला तर पंधराव्या हिश्श्याइतका.

लेन्स: ३५ की ५०

दुकानदार ५० एफ/१.८ पुढे करतो, कारण ती स्वस्त आहे आणि खरोखर चांगली आहे. पण आपल्या फ्लॅटमधली बेडरूम दहा बाय अकराची. त्यात पलंग, कपाट, पाळणा. पलंगाच्या कडेला उभं राहिलं की पाठ कपाटाला टेकते आणि बाळ असतं चार फुटांवर. त्या अंतरावरून कॅननवर ५० ची लेन्स जेमतेम पावणेदोन फूट रुंदीचं दृश्य घेते. जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटिमीटर, म्हणजे पावणेदोन फुटांना थोडं कमी. बाळ कसंबसं बसतं, आईला जागाच नाही. पाळण्यात वाकून बघणारी आजी तर नाहीच.

निकॉनवर ३५ ची लेन्स त्याच जागेवरून अडीच फुटांहून जास्त घेते. म्हणून लहान घरासाठी माझा कौल ३५ ला. निकॉनची ३५ एफ/१.८जी डीएक्स लेन्स २००९ पासून आहे, त्यामुळे जुन्यातही सापडते. कॅननवाल्यांना या जातीची स्वस्त आणि उघडी लेन्स मिळत नाही, हे कॅननचं दुखणं. त्यांच्याकडे २४ एफ/२.८ एसटीएम आहे. चपटी, हलकी, आणि १६ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. बोटं, नखं, पायातले वाळे यासाठी तिच्यासारखी स्वस्तात दुसरी नाही. उजेड मात्र एफ/१.८ पेक्षा कमी घेते, साधारण अडीचपट. कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. मोठा हॉल असेल, अंगण असेल, गावाकडचं ऐसपैस घर असेल, तर ५० घ्या. चेहरा तिच्यावर फार गोड येतो.

उघडी लेन्स मिळाली की सगळे ती एफ/१.८ वरच ठेवतात. ५० ने तीन फुटांवरून एफ/१.८ ला स्पष्ट येणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर असते. नाक स्वच्छ, डोळे पुसट. उजेड असेल तेव्हा एफ/२.८ वर या आणि फोकसचा चौकोन कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवा.

निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट घोकून ठेवावी. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते, आणि लेन्सच्या नावात 'एएफ-एस' असेल तर असते. जुनी ५० एफ/१.८डी स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत तर फोकस हाताने फिरवावा लागेल, आणि सासूबाईंना तो फिरवता येणार नाही.

बॉडी

यावर लोक सगळ्यांत जास्त वेळ घालवतात. माझ्या मते यावरच सगळ्यांत कमी घालवावा. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही चालू स्थितीतला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बाळाच्या फोटोला पुरतो. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला २ मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतं. भिंतीवर लावायचा १२ बाय १८ इंच काढला तरी ९-१० मेगापिक्सेलमध्ये छान दिसतो. तेव्हा १८ आणि २४ मध्ये जीव अडकवू नका.

सेकंडहॅंडमध्ये मी निकॉन डी५३०० किंवा डी५६०० बघा म्हणेन. मागचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो, त्यामुळे जमिनीवर सतरंजीत पडलेल्या बाळाच्या पातळीवर कॅमेरा ठेवून वरून बघता येतं. पडद्यावरून फोकस करताना तो रेंगाळतो, झटपट हवं असेल तर डोळा लावूनच काढायचा. डी३५०० हलका आणि साधा, पण त्याचा पडदा फिरत नाही. कंपनीने तो बंद केलाय, आता जुनाच मिळायचा. कॅनन १५००डी माझ्या मते नवा घ्यायच्या लायकीचा नाही. फोकसचे बिंदू नऊच, आणि व्हिडिओत फोकस शोधत बसतो. त्यापेक्षा वापरलेला कॅनन २००डी मार्क २ मिळाला तर बघा. व्हिडिओत त्याचा फोकस बाळामागे जातो, पडदा फिरतो आणि बोटाने चालतो. व्हिडिओची हौस जास्त असेल तर डीएसएलआरमध्ये हाच.

सोनी ए६००० हा २०१४ चा, पण पडद्यावरून फोकस अजूनही चपळ आणि एका सेकंदात ११ फोटो काढतो. बॅटरी लवकर संपते, दोन लागतात. एक मोठी अडचण म्हणजे त्याच्या चांगल्या लेन्स बॉडीइतक्याच महाग पडतात. कॅननचे नवे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, आर१०० आणि आर५० हे २०२३ चे. आर१०० चा पडदा फिरत नाही आणि बोटाने चालतही नाही, त्यामुळे त्यात माझा जीव रमला नाही. आर५० खरोखर छान आहे, पण हप्ते काढून तो घेणार असाल तर मी थांबवेन. बाळाचा पहिल्या वर्षाचा खर्च अजून तुमच्यापुढे उभा राहायचाय.

मेमरी कार्ड चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं एक. त्यात २४ मेगापिक्सेलचे दोनेक हजार फोटो सहज मावतात.

घेऊ नयेत असे: '६० पट झूम' असं लिहिलेले लांब नाकाचे कॅमेरे. त्यांच्या आत सेन्सर फोनच्या जातीचा असतो आणि झूम केलं की लेन्स आणखी अंधारते. पक्षी बघायला ठीक, चार फुटांवरच्या बाळाला काय करायचा ६० पट झूम? दोन लेन्सचा 'कॉम्बो'ही टाळा. त्यातली ७०-३०० बाळ शाळेच्या स्पर्धांत धावायला लागेपर्यंत डब्यातून बाहेर येत नाही.

जुना घेताना

नाशकात एम. जी. रोड आणि मेन रोडच्या आसपास विचारा, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना विचारा. ते दर दोन-तीन वर्षांनी बॉडी बदलतात. पण लग्नवाल्याची बॉडी भरपूर घासलेली असते, हौशी माणसाने कपाटात ठेवलेली कमी. मुंबईला जायचंच असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन फोर्टच्या बोरा बाजारात फिरता येतं. तिथे पर्याय जास्त, पण काही बिनसलं की परत कोण जाणार? त्या एका कारणासाठी मी थोडे जास्त देऊन गावातच घ्यायला सांगते.

तपासायला जाताना टॉर्च न्या. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती बुरशी, लेन्स घेऊ नका. दोन-चार धुळीचे कण चालतात. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ करता येते, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. शटर किती वेळा चाललंय ते निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं. फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊन ते वाचता येतं. कॅननच्या बहुतेक बॉडीत ते तसं दिसत नाही, वायर लावून सॉफ्टवेअरने काढावं लागतं. या वर्गातल्या निकॉनची शटर लाखभर वेळा चालेल अशी तपासलेली असतात. शटर तीस हजार वेळांपेक्षा कमी चाललेली बॉडी निर्धास्त घ्या.

कार्ड घालून काढून बघा, आत पिन वाकलेली असेल तर तिथेच कळतं. रबर चिकट झालंय का, बॅटरी फुगलीय का, चार्जर मूळचा आहे का तेही बघा. नव्या कॅमेऱ्याला पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी हवीच. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

घेतल्यावर

आठव्या महिन्याआधी घ्या आणि उशीवर सराव करा. चेष्टा नाही. बाळ आल्यावर मेनू उघडून बसायला वेळ मिळत नाही.

सासूबाईंसाठी कॅमेरा असा लावून द्या: शटर प्राधान्य मोड, निकॉनवर एस आणि कॅननवर टीव्ही, शटर १/२५०, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल ६४००. आता त्यांनी फक्त बटण दाबायचं. हिरव्या ऑटो मोडवर देऊ नका, कारण त्यात अंधार पडला की फ्लॅश आपोआप उघडतो. फोकसला मदत करणारा दिवाही मेनूतून बंद करा. कॅननच्या साध्या बॉडीत त्या कामासाठी फ्लॅशच फडफडतो आणि झोपलेलं बाळ दचकतं.

समोरून मारलेल्या फ्लॅशने बाळाचा चेहरा चपटा आणि तेलकट दिसतो, त्यामुळे मी तो वापरतच नाही. दवाखान्यात तर विचारल्याशिवाय कॅमेराच काढायचा नाही. घरी फ्लॅश लागलाच तर वेगळा घेऊन पांढऱ्या छताकडे मारायचा. जुन्या वाड्यात छताला लाकडी तक्तपोशी असते, ती उजेड गिळते आणि परत देते तो पिवळा. तिथे खिडकीच बरी. बाळाचं डोकं खिडकीकडे तिरपं ठेवा, उलट्या बाजूला आजोबांचं जुनं पांढरं धोतर खुर्चीवर टाका. सावलीतला गाल उजळतो. एप्रिलच्या उन्हात तेच धोतर खिडकीवर लावा. पावसाळ्यातलं नाशिक मात्र फोटोला वरदान आहे. दिवसभर ढगातून मऊ उजेड येतो, धोतराची गरज पडत नाही. भिंत पिस्ता किंवा केशरी रंगाची असेल तर बाळाला तिच्यापासून दूर सरकवा, नाहीतर आई विचारते, कावीळ झालीय का.

एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मिररलेसचं सायलेंट शटर लावलं की हे पट्टे हटकून दिसतात. शटर १/१०० वर आणा, किंवा सायलेंट बंद करा.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असल्याशिवाय बाळाच्या वर वाकू नका. लेन्सचं झाकण आधी खिशात टाका. टोपलीत बसवलेलं, हनुवटी हातांवर टेकवलेलं तान्हं बाळ नेटवर दिसतं. ते बहुधा कोणीतरी डोकं धरून दोन फोटो जोडून केलेलं असतं. घरी ते करायचं नाही, विषय संपला.

न्हाणीतले फोटो सगळ्यांना हवे असतात. पाय लांब करून बसलेली न्हाऊ घालणारी बाई आणि पायांवर तेलाने चकचकीत झालेलं बाळ, यासारखं दृश्य नाही. पण गार कॅमेरा थेट वाफेत नेला की लेन्सवर धुकं बसतं. तो दहा मिनिटं आधी न्हाणीच्या दाराशी ठेवा. धुरीच्या वेळी मात्र कॅमेरा बाहेर. धूर लेन्सला वाईट आणि बाळाच्या छातीलाही वाईट.

बारशाला पाळण्याभोवती बायकांची गर्दी होते आणि कॅमेऱ्याला आत वाव राहत नाही. पाळण्याच्या डोक्याकडची जागा आधीच धरा. पाळण्याखालून-वरून बाळ देतात-घेतात तेव्हा बाळ आणि दोन्ही बायकांचे हात एका चौकटीत यायला हवेत. इथे ५० उपयोगाची नाही, ३५ किंवा किट लेन्स १८ ला. आणि संक्रांतीनंतरचं बोरन्हाण! बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून पडतात ते सगळं चार सेकंदांत संपतं. ते गॅलरीत किंवा गच्चीवर उजेडात करा म्हणून घरच्यांना पटवा, शटर १/५०० वर न्या, सलग फोटोचा मोड लावा, आणि पहिलं बोर पडायच्या आधी बटण दाबा. बाळ पहिल्या क्षणी चकित होतं आणि लगेच रडतं. फोटो त्या मधल्या क्षणाचा.

दर आठवड्याला एक फोटो त्याच जागी काढायची सवय लावा. तीच चादर, तीच खिडकी, तीच लेन्स, शेजारी तेच एक खेळणं. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपल्याकडे बोलपट यायच्या कितीतरी आधी कुंडीत बी लावून त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून ठेवलं होतं. कॅमेरा हलवायचा नाही, वाढ आपोआप दिसते. माहेरी आणि सासरी जागा बदलणार हे उघड आहे. मग निदान चादर आणि खेळणं बाळाबरोबर प्रवास करू देत.

पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत, कपाटात बंद ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

फोटो नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसून जातात आणि मामाने काढलेली प्रिंट धुरकट येते. महिन्याला दहा-बारा निवडून ४ बाय ६ च्या प्रिंट काढा. या कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ मापाचा असतो, त्या कागदावर तो जसाच्या तसा बसतो. फोनचा ४:३ चा असतो, लॅबवाला वरून-खालून कापतो, आणि आजोबांचं डोकं जातं. प्रिंटच्या मागे तारीख पेन्सिलीने लिहा, शाई दुसऱ्या फोटोला लागते. मूळ फाइलींच्या दोन प्रती ठेवा, एक तुमच्या घरी आणि एक तिच्या माहेरी.